इंदूर: गल्लीतल्या चौदा भट्ट्यांना तेल अडवणारे चेंबर बांधायचेत, पैसा कुठून उभा करावा?

नाल्याकाठची (जुनी इंदूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धं सांगितलं तर उत्तरंही अर्धीच येतील, म्हणून सगळं लिहिते.

मी ३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. घर जुन्या इंदुरात, सरस्वती नदीला मिळणाऱ्या एका लहानशा नाल्याच्या काठावर. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, मागची खिडकी उघडायची नाही. ती पुढे तीसएक वर्षं उघडली नाही.

मग शहरात नाला टॅपिंगचं काम निघालं. घराघरांतून थेट नाल्यात सुटणारे पाइप बंद करून ते ड्रेनेज लाइनला जोडले. साऱ्या इंदुरात असे ५,६२४ घरगुती आणि १,७४६ सार्वजनिक निचरे बंद झाले, आणि ऑगस्ट २०२१मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं शहर ठरलं. त्या ५,६२४मध्ये एक पाइप आमचा होता. जोडणीचा खर्च आम्ही घरातूनच केला आणि तो एकदाही जड वाटला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात नाला कोरडा पडला. तळाला काळा खडक आहे हे मला तेव्हा कळलं. मुलांनी त्यात क्रिकेट मांडलं. मी मागची खिडकी उघडायला गेले तर बिजागऱ्या गंजून बसलेल्या, खोबरेल सोडून सोडून सैल केल्या.

आता दोन हिवाळे झाले, खिडकी पुन्हा बंद आहे.

थंडी पडली की गल्लीच्या तोंडावरचं ड्रेनेजचं चेंबर तुंबतं आणि झाकणाच्या फटीतून पाणी सरळ नाल्यात उतरतं. पावसाळ्यात तुंबलं तर समजू शकते. पण डिसेंबरात, आभाळात ढग नसताना? गेल्या वर्षी साफ करायला आलेल्या मुलाने आकड्याने झाकण उचललं तेव्हा मी शेजारीच उभी होते. आत पाणी दिसतच नव्हतं. पिवळट पांढरा, मेणासारखा थर आणि खवट वास. त्याने सळई मारली तर ती रुतून उभीच राहिली. त्या मुलाच्या हातात मोजेसुद्धा नव्हते, मी घरातले आणून दिले.

त्यातला लिंबाएवढा गोळा मी वाटीत घेऊन आले आणि कढत पाण्यात टाकला. थोड्या वेळाने वर बोटभर तेल तरंगलं, मधे गढूळ पाणी, तळाला पिवळा साका. तो साका म्हणजे बेसन. काही गुठळ्या मात्र तशाच राहिल्या. पामतेल, वनस्पती तूप हे थंडीत थिजतं, आणि कठीण पाण्यातल्या (ज्यात साबणाला फेस येत नाही) कॅल्शियमशी मिळून त्याचा न विरघळणारा साबण होतो. तो पाइपला आतून चिकटत जातो आणि पाइप अरुंद करतो. एवढी वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, पाहिलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

आमच्या गल्लीत चौदा भट्ट्या आहेत. आठ सेवेच्या (म्हणजे बेसनाच्या शेवेच्या), चार कचोरी-समोशाच्या, दोन माव्याच्या मिठाईच्या. ही सगळी आपली माणसं आहेत, त्यांच्या घरच्या कितीतरी मुली माझ्या वर्गात होत्या. कुणाला धडा शिकवायचा म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या मोरीतून काय जातं हे त्यांना दिसत नाही, इतकंच.

उपाय साधा आहे. मोरी आणि ड्रेनेज लाइन यांच्यामध्ये तीन खणांचं विटांचं चेंबर. पाणी त्यात थांबतं, निवतं, तेल वर येतं, बेसन खाली बसतं, आणि मधलं पाणी वाकवलेल्या पाइपातून पुढे जातं. गवंड्याने एकाचे १८,००० सांगितले, म्हणजे चौदांचे २,५२,०००. पण खरी गोम पुढे आहे. चेंबर दर पंधरवड्याला उपसावं लागेल. एका उपशाचे ३०० धरले तरी महिन्याचे ८,४०० होतात. तीस महिन्यांत उपशाचा खर्च बांधकामाच्या बरोबरीला येतो, आणि तो पुढे कायमच चालू राहतो.

मी तीन ठिकाणी जाऊन आले. बांधायला काहीतरी करू, असं दोन ठिकाणी म्हणाले. उपशाचं नाव काढलं की विषय संपतो. एका कंपनीच्या सीएसआर विभागात (नफ्यातला काही भाग समाजकार्याला देणारा विभाग) तर वृक्षारोपण करायचं असेल तर लगेच देऊ असं सांगितलं. झाडं मलाही हवी आहेत, पण झाडाने चेंबर मोकळं होत नाही.

माझा अंदाज असा की जळकं तेल विकून उपशाचा खर्च निघावा. बायोडिझेलसाठी ते विकत घेतात असं वाचलंय. हे जमेल का? आणि बांधकामाचा पैसा कुठल्या खात्यातून मागावा? ज्यांनी असं काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

हिशेबनीस (सुदामा नगर, इंदूर)

ताई, मी छोट्या संस्थांचे हिशेब आणि ऑडिट बघतो, त्यामुळे पैशाच्या वाटा थोड्याफार ठाऊक आहेत.

आधी मोठी वाट. तुमचा नाला सरस्वतीला, सरस्वती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्हला, कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते. म्हणून आपलं शहर 'नमामि गंगे' या केंद्राच्या गंगा शुद्धीकरण योजनेत येतं. कान्ह-सरस्वतीसाठी ५११ कोटींच्या आसपास मंजूर झालेत, त्यातून दररोज १९५ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करणारी तीन केंद्रं व्हायची आहेत. २०२८च्या सिंहस्थात स्नानाला क्षिप्रेचं पाणी चांगलं हवं, त्याचीही घाई आहे. पण हा पैसा ड्रेनेज लाइनच्या शेवटच्या टोकाला जातो. तुमचं दुखणं पहिल्या टोकाचं आहे. तिथे तो येणार नाही, त्याच्या मागे उन्हातान्हात फिरू नका.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, पण त्यातून सार्वजनिक आणि टिकाऊ काम लागतं, व्यापारी आस्थापनाच्या आत काही बांधता येत नाही. भट्टीच्या मोरीतलं चेंबर तिथेच अडकेल.

सीएसआरचं सांगतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. पाण्याची गुणवत्ता हा विषय त्यांच्या यादीत स्पष्ट आहे, तेव्हा झाडांखेरीज काही बसत नाही असं नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पैसा घेणाऱ्या संस्थेकडे १२ए, ८०जी (या आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि एप्रिल २०२१पासून सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) ही नोंदणी लागते, वर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. मोहल्ला समितीकडे हे नसतं. आणि खाजगी धंद्याच्या मालमत्तेवर पैसा घालायला कंपन्या कचरतात. म्हणून नवी संस्था काढण्याच्या भानगडीत पडू नका. ज्यांच्या नोंदण्या पूर्ण आहेत असं एखादं जुनं मंडळ गाठा, आणि त्यांच्यातर्फे चेंबरऐवजी गल्लीच्या सामायिक कामासाठी मागा: पाण्याची तपासणी, उपसणाऱ्या माणसाचे मोजे-बूट, पहिल्या वर्षाचा उपसा.

चेंबरचा पैसा भट्टीवाल्यांच्याच नावावर मिळू शकतो, आणि याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी २०२०ला सुरू झालेली केंद्राची पीएमएफएमई योजना आहे. कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. एखादा भट्टीवाला नवी कढई किंवा नवं सेवेचं मशीन घेणार असेल, तर त्याच प्रकल्प अहवालात सांडपाण्याची व्यवस्था धरून घ्या. फक्त १८,०००च हवे असतील तर मुद्राचं शिशु कर्ज ५०,०००पर्यंत विनातारण असतं. चेंबर हा धंद्याचाच खर्च आहे. मला स्वतःला वाटतं तो धंद्याच्याच वहीत दिसावा. दानातून आलेल्या वस्तूला मालक नसतो.

---

विश्वामित्रीकाठचा (दांडिया बाजार, वडोदरा)

ताई, तुमची वाटीतली परीक्षा वाचून फार बरं वाटलं. मी सांडपाण्याच्या कामातच नोकरी केली, म्हणून दोन शब्द.

आमच्याकडे दहा-बारा वर्षांमागे एका फरसाणवाल्याच्या मागे असंच चेंबर देणगीतून झालं. नारळ फोडला, पेढे वाटले. सहा महिन्यांनी मी झाकण उघडून पाहिलं तर तिन्ही खण काठोकाठ तेलाने भरलेले, आणि आलेलं पाणी वरच्यावर जसंच्या तसं पुढे जात होतं. उपसा नसेल तर चेंबर म्हणजे जरा रुंद पाइप. तेव्हा उपशाची काळजी तुम्ही पहिल्या दिवशीच करताय हे फार मोठं आहे.

उपसा तारखेवर ठरवू नका. फूटपट्टी लावलेली काठी घालून वरचं तेल आणि खालचा साका मोजा. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाला आले की उपसायचं. सेवेच्या भट्टीचं पंधरा दिवसांत भरेल, मिठाईवाल्याचं कदाचित महिन्याने. तिथेच तुमचे ८,४०० कमी होतील. आकार ठरवताना पाणी अर्धा तास तरी आत थांबेल असं बघा. कढई धुतल्याचं उकळतं पाणी थेट सोडू देऊ नका, गरम पाण्याबरोबर तेल वितळलेलंच निसटतं आणि पुढच्या पाइपात जाऊन थिजतं. साबणाचंही तेच, तो तेलाचे बारीक कण करून पाण्यात धरून ठेवतो.

पैशाबद्दल. आमच्या महापालिकेने मार्च २०२४मध्ये सांडपाण्याच्या कामांसाठी १०० कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. तुमच्या इंदूरने त्याच्या आधी, फेब्रुवारी २०२३मध्ये, २४४ कोटी उभे केले. ते जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी, कारण नर्मदेचं पाणी वर चढवायच्या विजेचं बिल वाचणार होतं. गुंतवणारा पैसे देतो ते परत येणार हे दिसतं म्हणून. गल्लीच्या कामालाही हाच प्रश्न विचारून बघा, कुणाचं काय वाचतंय? चेंबर तुंबलं की भट्टी किती तास बंद राहते, ते चौदाही जणांना विचारा आणि आकडा मांडा.

आणखी एक, नमामि गंगेच्या बऱ्याच केंद्रांत ठेकेदाराला बांधताना ४० टक्केच मिळतात, उरलेले ६० टक्के केंद्र नीट चालवलं तर १५ वर्षांत हप्त्याने. तुमच्या गवंड्याशीही तसंच बोला. १८,०००पैकी ९,००० बांधल्यावर, उरलेले दीड वर्षात महिन्याला ५००, झाकण उघडून बघितल्यावर. मग उतार चुकला किंवा झाकण हलेनासं झालं तर तो स्वतःच धावत येईल.

---

भट्टीवाला (इंदूर)

काकू, मी सेवेच्या कारखान्याचाच माणूस आहे. तुमच्या गल्लीतला नाही, पण गोष्ट तीच. वाचून वाईट वाटलं आणि थोडी शरमही, कारण आमच्या मागेही असंच तुंबणारं ड्रेनेजचं चेंबर आहे.

जळक्या तेलाचा तुमचा हिशेब सेवेला लागू पडणार नाही. सेव तेल पिते. घाण्यामागून घाणा निघतो तसं कढईतलं तेल उतरत जातं आणि आम्ही वरून ताजं ओततो. दिवसाअखेर विकण्याजोगं उरतं ते नावापुरतं. नाल्यात जातं ते वेगळंच: कढईच्या बुडाची काळी गाद, झाऱ्यांना आणि सोऱ्यांना वाळून चिकटलेलं बेसन, आणि हे सगळं सोडा घालून उकळत्या पाण्याने धुतलं की ते पाणी. कारीगर रात्री अकरा वाजता थकलेला असतो, त्याला कढई लवकर चकचकीत व्हायला हवी.

कचोरी-समोसेवाल्यांकडे मात्र जळकं तेल उरतं. खाद्य सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरायचं नाही, आणि रोज ५० लिटरवर तेल लागत असेल तर त्याची नोंदही ठेवायची. आमच्या ओळखीच्या एका कचोरीवाल्याचं तेल महिन्यातून दोनदा घेऊन जातात, त्याला किलोमागे ४०च्या आसपास मिळतात. तुमच्याकडचे चार जण हे करू शकतील. पण त्यांच्या तेलाचे पैसे आठ सेववाल्यांच्या उपशाला लावा म्हणाल तर पहिल्या महिन्यातच भांडण होईल, ते मी लिहून देतो. आणि चेंबरवर साचलेलं तेल हे लोक घेत नाहीत, त्यात पाणी आणि घाण असते.

आम्ही गेल्या दिवाळीपासून एक केलंय. कढई कोमट असतानाच गाद उलथन्याने खरवडून डब्यात काढायची, मग गव्हाचा भुसा टाकून कढई कोरडी पुसायची, आणि मगच पाणी. झारे आधी कोरड्या ब्रशने झाडायचे. कारीगराला वीस मिनिटं जास्त लागतात, त्याचे मी रोज ३० रुपये वर देतो. सोडा निम्म्यावर आला, पाणीही. भुसा आणि गाद ओल्या कचऱ्यात जाते. देवगुराडियाच्या ५५० टनी गोबरधन प्लांटमध्ये ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, आणि तेलकट मालाचा तर गॅस चांगलाच होतो असं तिथे काम करणाऱ्या एका मित्राने सांगितलं.

आणि पैसा उभा करायचा तर काकू, भिशी लावा. आमच्या धंद्यात सगळ्यांची भिशी असतेच. चौदा जण, महिन्याला प्रत्येकी १,३००, म्हणजे १८,२००. दर महिन्याला एकाचं नाव निघेल, त्याचं चेंबर होईल, वरच्या २००मध्ये उद्घाटनाचा चहा. चौदा महिन्यांत सगळी गल्ली पुरी. भिशीत नाव असलेला माणूस हप्ता चुकवत नाही, बाजारात तोंड दाखवायचं असतं.

---

नाल्याकाठची (जुनी इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहू शकले नाही कारण गल्लीतच होते.

भट्टीवाले दादा, तुम्ही माझं गणित मुळापासून बदललंत. मी तेलाच्या मागे होते, गाद डोक्यातच नव्हती. तुमचं लिहिणं छापून चौदाही ठिकाणी वाचून दाखवलं, माझ्या सांगण्यापेक्षा ते जास्त लागलं. एक कारीगर म्हणाला, बाई, कोरडं पुसायला आम्हाला कुणी सांगितलंच नाही, धुवा एवढंच सांगतात. सहा जणांनी भुसा सुरू केला. मी पहिल्या रात्री साडेदहाला एका भट्टीवर जाऊन उभी राहिले. खरवडलेली गाद काट्यावर ठेवली, एका कढईची दीड किलो भरली. रोज एवढं एका मोरीतून जात होतं.

भिशीला नऊ जण तयार झाले. मिठाईवाल्या दोघांचं पाणी आधी तपासून मग ठरवू, आणि तिघांनी अजून हो किंवा नाही काहीच सांगितलेलं नाही, त्यांच्याकडे परत जाईन. पहिलं नाव चिठ्ठीने काढलं नाही. जो गल्लीच्या तोंडावरच्या ड्रेनेज चेंबरच्या सगळ्यात जवळ आणि सगळ्यात जास्त सेव काढतो, त्याला सगळ्यांनी मिळून पहिला दिला. वडोदऱ्याच्या काकांच्या सांगण्याप्रमाणे गवंड्याशी बोलले. अर्ध्या पैशावर तो तयार नव्हता, शेवटी १२,००० आधी आणि ६,००० वर्षभरात महिना ५००ने असं ठरलं.

हिशेबनीस दादा, मुद्रा आणि पीएमएफएमईची माहिती दोघांनी लिहून घेतली, त्यातल्या एकाला खरोखरच नवीन मशीन घ्यायचंय. त्याचा अहवाल करायला तुम्ही भेटू शकाल का? पलीकडच्या गल्लीतलं एक जुनं मंडळ आहे, त्यांची ८०जी आहे, सीएसआर-१ नाही. त्यांच्या अध्यक्षांना बुधवारी भेटते आहे, फक्त मोजे, बूट आणि पहिल्या वर्षाचा उपसा एवढंच मागणार.

पहिलं चेंबर सोमवारी बांधून झालं. कालच्या सोमवारी फूटपट्टीची काठी घालून मोजलं: आठ दिवसांत वर २ सेंटिमीटर तेल, खाली ३ सेंटिमीटर साका, पाणी एकूण ६० सेंटिमीटर. चौथा हिस्सा म्हणजे १५, अजून अवकाश आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहिली आहे. दर सोमवारी सकाळी मोजून इथे आकडा टाकत जाईन. वडोदऱ्याचे काका, साका तेलापेक्षा जास्त दिसतोय, तर पहिला खण मोठा ठेवायला हवा होता का? दुसरं चेंबर बांधायला अजून तीन आठवडे आहेत, त्याआधी सांगाल तर गवंड्याला माप बदलून देते.